उभ्या गाडीचा धूर आणि शेजाऱ्याचा श्वास



रेल्वेचे फाटक पडले की आपल्यापैकी बहुतेक जण गाडीचे इंजिन बंद करतात. एक लोकल जाईल की पाठोपाठ दुसरीही येईल याचा नेम नसतो, आणि उगाच पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही हे कोणी शिकवावे लागत नाही. लांबच्या सिग्नलला रिक्षावालेही तेच करतात, कारण जळणाऱ्या इंधनाची झळ त्यांच्या दिवसाच्या कमाईला बसते. पण शाळेच्या फाटकापाशी, औषधाच्या दुकानासमोर किंवा चर्चच्या आवारात मात्र "दोन मिनिटांचे तर काम आहे" असे म्हणून इंजिन चालूच राहते. दोनाची दहा मिनिटे कधी होतात ते कळतही नाही.

आपल्या धर्मग्राम मंडळापुढे अलीकडे एक सूचना आली आहे. चर्चच्या आवारात आणि शाळेच्या फाटकासमोर थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद ठेवावे, असा नियम आपण करावा, ही ती सूचना. वरवर पाहता विषय लहान आहे. मंडळात मात्र त्यावर बरीच चर्चा झाली. "माझ्या एकट्याच्या गाडीने काय होणार?", "आधी डंपर बंद करा, मग आम्हांला सांगा", "मिनिटे कोण मोजणार?", "हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडावे", "उन्हात ड्रायव्हरने काय करायचे?" असे प्रश्न निघाले. हे प्रश्न नुसते गाडीचे नाहीत. माणसांनी एकत्र कसे राहावे याविषयीचे ते जुनेच प्रश्न आहेत, म्हणून या रविवारी त्यांचा नीट विचार करावा असे आम्हांला वाटते.

आधी वस्तुस्थिती पाहू. चालत्या गाडीचा धूर रस्त्याभर पसरत जातो, तर उभ्या गाडीचा धूर एकाच जागी साचत राहतो. मोटारीच्या सायलेन्सरचे तोंड मोठ्या माणसाच्या पोटरीच्या आसपास असते. शिशुवर्गातले मूल फाटकापाशी आईची वाट पाहत उभे राहिले, तर त्याचे नाक त्या तोंडाच्या किती जवळ येते हे एकदा पाहावे. धुरातले जे कण सर्वांत घातक, ते डोळ्यांना दिसतही नाहीत. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असलेले हे कण माणसाच्या केसाच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, तोच हा गट.

"सारखी बंद-चालू केली तर जास्त पेट्रोल जाते" हा समज आपल्याकडे अजून आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्याला काही आधार होता. इंजिन गरम झाल्याशिवाय गाडी नीट चालत नसे, म्हणून सकाळी ती अंगणात पाच-दहा मिनिटे गुरगुरत ठेवावी लागे. आताच्या मोटारींत इंधन मोजून आत सोडणारी यंत्रणा असते, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे मानक लागू झाल्यावर नव्या स्कूटर-मोटारसायकलींतही ती आली. आजच्या मोटारीचे इंजिन दहा सेकंदांहून जास्त वेळ उभ्याने चालवले, तर पुन्हा सुरू करायला लागते त्याहून अधिक इंधन जळते. म्हणजे जुनी सवय उरली, तिचे कारण मात्र गेले.

जगात अनेक ठिकाणी या सवयीला कायद्याने आळा घातला आहे. हाँगकाँगमध्ये १५ डिसेंबर २०११ पासून कोणत्याही ६० मिनिटांत ३ मिनिटांहून जास्त वेळ उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवता येत नाही. ठेवले तर ३२० हाँगकाँग डॉलर दंड होतो. न्यूयॉर्क शहरात मर्यादा ३ मिनिटांचीच आहे, पण शाळेलगत ती १ मिनिटाची आहे. इंग्लंडमध्ये २००२ च्या नियमांनुसार नगरपालिकेचा अधिकारी आधी चालकाला इंजिन बंद करायला सांगतो. त्याने ऐकले नाही तरच २० पौंडांचा दंड होतो. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये सिग्नल लाल असताना गाडी बंद करण्याची मोहीम सुरू झाली. तिच्यात दंड नव्हता. चौकाचौकांत स्वयंसेवक फलक घेऊन उभे राहत आणि चालकांना विनंती करीत.

आपल्या देशाच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२६ उभ्या गाडीविषयीच आहे. चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, असे ते सांगते. त्यामागचा हेतू गाडी आपोआप चालू लागून अपघात होऊ नये एवढाच आहे. धुराचा विचार त्यात नाही. चालक आत बसून असेल, तर या कलमाची हरकत नाही. दुसरीकडे, पेट्रोल गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र देताना नळी सायलेन्सरमध्ये घालतात तेव्हा इंजिन उभ्यानेच चालू असते. म्हणजे उभ्या गाडीचा धूर किती विषारी हे आपण मोजतो, त्यावर शिक्का घेतो. पण ती किती वेळ उभी राहून तो धूर सोडते हे कोणी विचारत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. माझ्या एकट्याच्या गाडीने काय होणार?

लंडनच्या लुइशम भागात, साउथ सर्क्युलर नावाच्या वाहत्या रस्त्यालगत, एला अडू-किसी-डेब्रा नावाची मुलगी राहत होती. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत तिला पंचवीसहून अधिक वेळा रुग्णालयात न्यावे लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी ती गेली. तिची आई गप्प बसली नाही. तिने पुन्हा चौकशीची मागणी केली आणि डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्याने निर्णय दिला की एलाच्या मृत्यूला दूषित हवाही कारणीभूत होती, आणि त्या हवेतले प्रदूषण मुख्यतः वाहनांच्या धुराचे होते. मृत्यूच्या कारणांत दूषित हवेची अशी नोंद ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच झाली.

त्या निर्णयात कोणत्याही गाडीचा क्रमांक नाही, आणि तो असणे शक्यही नव्हते. तिच्या घराजवळून गेलेल्या आणि तिथे खोळंबलेल्या हजारो गाड्यांपैकी कोणत्याही चालकाला "तुझ्यामुळे ती गेली" असे म्हणता येणार नाही. प्रत्येक जण खरेपणाने म्हणेल की माझ्या एका गाडीने काही फरक पडला नसता. सगळेच खरे बोलत आहेत आणि तरीही एक मूल मेले आहे. मग हिशेबात चूक कुठे आहे?

इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नेमका हा प्रश्न हाताळला आहे. ते एक कल्पित उदाहरण देतात. छळ करणारी हजार माणसे आहेत आणि छळ सोसणारेही हजार आहेत. प्रत्येक छळणारा एक बटण दाबतो. त्या एका बटणाने कोणाच्याही वेदनेत इतकी थोडी वाढ होते की सोसणाऱ्याला ती जाणवतही नाही. पण हजारांनी बटण दाबले की वेदना असह्य होते. यात प्रत्येक छळणारा म्हणू शकतो की मी कोणाला दुखवलेच नाही. पार्फिट यांचे म्हणणे असे की आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. "माझ्या एकट्याच्या कृत्याने किती अपाय झाला?" एवढे विचारून भागत नाही. "आम्ही सगळे मिळून जे करतो त्याने अपाय होतो का, आणि मी त्यात सामील आहे का?" हेही विचारले पाहिजे. उत्तर होकारार्थी असेल, तर माझा वाटा नजरेत न भरणारा आहे म्हणून मी सुटत नाही.

हे आपल्या साध्या व्यवहारालाही पटणारे आहे. विहिरीत प्रत्येकाने चिमूटभरच घाण टाकली म्हणून पाणी पिण्याजोगे राहत नाही. गावकीचे पाणी नासते तेव्हा कोणाची चिमूट शेवटची होती हे शोधून उपयोग नसतो.

दुसरा प्रश्न अधिक रास्त आहे. आधी डंपर, बांधकामांची धूळ, जळणारा कचरा यांचे पाहा. हवा बिघडवण्यात उभ्या गाड्यांचा वाटा या सगळ्यांच्या मानाने लहान आहे हे मान्य केले पाहिजे. चर्चच्या आवारातली इंजिने बंद केल्याने वसईची हवा एका वर्षात स्वच्छ होईल असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही. पण दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे धूर कुठे आणि कधी सोडला जातो याला महत्त्व असते. महामार्गावरचा धूर आणि शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाच्या तोंडाशी सोडलेला धूर हे मापाने सारखे असले, तरी परिणामाने सारखे नसतात. दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचा मोठा अपराध दाखवून आपला लहान अपराध धुऊन निघत नाही. पापनिवेदनाला येऊन कोणी शेजाऱ्याची पापे सांगत बसत नाही.

वसईच्या लोकांना पर्यावरणाचा लढा नवा नाही. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर आपली वडीलधारी माणसे रस्त्यावर उतरली होती. विहिरी आटवणारे टँकर आणि वाड्या गिळणारी बांधकामे समोर दिसत होती. तिथे प्रतिपक्षाला चेहरा होता. घोषणा कोणाच्या विरुद्ध द्यायच्या हे ठाऊक होते. या धुराच्या बाबतीत मात्र प्रतिपक्ष असा कोणी नाही. किल्ली आपल्याच हातात आहे. ज्या लढ्यात शत्रू बाहेर असतो तो अवघड असतो, पण ज्यात तो बाहेर नसतो त्यात आपण बहुतेकदा उतरतच नाही.

तिसरा प्रश्न मिनिटांचा. हाँगकाँगमध्ये तीनच मिनिटे का? चार का नाहीत? तीन मिनिटांनंतरच्या पहिल्या सेकंदाला असे काय घडते की आतापर्यंत निर्दोष असलेला माणूस दोषी ठरतो?

प्राचीन ग्रीकांना हे कोडे ठाऊक होते. धान्याच्या राशीतून एक दाणा काढला तर रास रासच राहते. आणखी एक काढला तरी राहते. मग ती रास नाहीशी कधी होते? नेमका दाणा कोणालाच दाखवता येत नाही. पण म्हणून रास आणि रिकामे खळे यांत फरक नाही असे कोणी शहाणा म्हणणार नाही. संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाला फार उपयोगी उत्तर देऊन ठेवले आहे. माणसांचे कायदे निसर्गनियमातून दोन प्रकारे निघतात, असे ते सांगतात. काही कायदे सरळ निष्कर्ष म्हणून निघतात. कोणाचे वाईट करू नये, यावरून खून करू नये हे निघते. काही कायदे मात्र निश्चितीने ठरतात. घर बांधायचे हे एकदा ठरले, तरी ते कोणत्या आकाराचे हे गवंड्याला ठरवावे लागते. शेजाऱ्याच्या श्वासात विष कालवू नये हा निष्कर्ष आहे, तो बदलत नाही. तीन मिनिटे ही निश्चिती आहे. ती दोनही असू शकली असती, पाचही. कोणीतरी ती ठरवली पाहिजे, आणि ठरल्यावर सर्वांनी पाळली पाहिजे, नाहीतर नियमाचा उपयोगच उरत नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने जावे की उजव्या, यात नीती नाही. पण एकदा डावी ठरल्यावर उजवीकडून जाणे अनीती आहे.

चौथा प्रश्न सर्वांत गंभीर. नियम कशाला? चांगल्या माणसाला नियमाची गरज नसते आणि वाईट माणूस नियमाला जुमानत नाही. हे विवेकावर सोडावे.

आपण फाटकापाशी इंजिन बंद का करतो, हे आठवून पाहू. आपला विवेक तिथे फार तीव्र असतो म्हणून नव्हे. तिथे जळते ते आपलेच पेट्रोल, हे लक्षात येते म्हणून. काही वर्षांपूर्वी टीव्हीवर पेट्रोल बचतीची एक जाहिरात लागे. बाप सिग्नलला गाडी चालू ठेवतो आणि शेजारी बसलेला मुलगा सांगतो की मोठेपणी तो सायकल दुरुस्तीचे दुकान काढणार, कारण तोवर पेट्रोल उरणारच नाही. जाहिरात चांगली होती आणि लोकांच्या लक्षात राहिली. पण तिच्यातही आवाहन होते ते आपल्याच घरच्या नुकसानीला. स्वतःच्या खिशाला लागते तेव्हा माणूस हिशेब आपोआप करतो. दुसऱ्याच्या छातीला लागते तेव्हा तो हिशेब होत नाही, कारण ती छाती आपल्याला दिसत नाही. काचा वर केलेल्या, थंड गाडीत बसलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीचा धूर येत नाही. जगात ज्याला त्या धुराचा वास येत नाही असा जवळपासचा एकमेव माणूस तोच असतो.

नियमाची गरज नेमकी इथे आहे. विवेक नाही म्हणून नियम लागत नाही. विवेकाला जे दिसत नाही ते दाखवायला नियम लागतो. अक्विनस यांनी कायद्याची व्याख्या करताना चार गोष्टी सांगितल्या: तो विवेकाचा आदेश असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची काळजी ज्याच्याकडे आहे त्याने केलेला असावा आणि सर्वांना जाहीर केलेला असावा. त्यांनी असेही बजावले आहे की मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये. कायदा सामान्य माणसांसाठी असतो, संतांसाठी नव्हे. म्हणून मुख्यतः ज्याने दुसऱ्याचे नुकसान होते तेवढ्यालाच त्याने हात घालावा. ही कसोटी लावली तर कोणी घरी किती वीज जाळतो यासाठी मंडळाने नियम करू नये. पण फाटकासमोरचा धूर दुसऱ्याच्या मुलाच्या अंगात जातो. तो मंडळाचा विषय आहे.

नियम कसा राबवावा हा आणखी नाजूक प्रश्न. न्यूयॉर्कने २०१८ पासून एक योजना चालवली आहे. ट्रक किंवा बस तीन मिनिटांहून अधिक वेळ उभी राहून इंजिन चालवीत असेल, तर कोणाही नागरिकाने त्याचे चित्रण करून तक्रार करावी. दंड वसूल झाला की त्यातला चौथा हिस्सा तक्रार करणाऱ्याला मिळतो. ३५० डॉलरचा दंड असेल तर ८७ डॉलरहून थोडे अधिक. योजनेला भरपूर प्रतिसाद मिळाला आणि काही जणांनी तर त्यातून चांगली कमाई केली. बड्या कंपन्यांना जो नियम अनेक दशके पाळावासा वाटला नव्हता, त्याची त्यांना दखल घ्यावी लागली. हे तिचे यश मान्य करावे लागेल. तरीही आम्हांला वाटते की शेजाऱ्याच्या चुकीवर शेजाऱ्याने कमवावे ही व्यवस्था एका महानगरात, मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत चालेल. जिथे लोक एकाच बाकावर बसून प्रार्थना करतात तिथे ती चालणार नाही. तिथे इंग्लंडचा क्रम अधिक चांगला. आधी विचारायचे. दंडाचे नंतर पाहू. बहुतेकदा "भाऊ, जरा इंजिन बंद करता का? मुले उभी आहेत" एवढे वाक्य पुरते. अवघड असते ते हे वाक्य उच्चारणे, आणि त्याहून अवघड ते ऐकून न रागावणे. नियमाचा एक मोठा उपकार असा की तो झाल्यावर विचारणारा आगाऊ ठरत नाही आणि ऐकणाऱ्याचा अपमान होत नाही. दोघेही सर्वांनी मिळून ठरवलेल्या गोष्टीची आठवण ठेवत असतात.

आता पाचवा प्रश्न, उन्हातल्या ड्रायव्हरचा. मे महिन्यात भाड्याची गाडी घेऊन लग्नाला आलेला चालक दोन तास आवारात बसून असतो. मालकाचा हुकूम असतो: आम्ही येऊ तेव्हा गाडी थंडगार हवी. त्याला "इंजिन बंद कर" म्हणणे सोपे आहे. पण मग आपण झाडाखाली बसायचे, पंख्याखाली जेवायचे आणि त्याने पत्र्याच्या भट्टीत बसायचे, असा हा नियम होईल. ज्या नियमाचे सारे ओझे दुबळ्याच्या पाठीवर पडते, त्याला अक्विनस न्याय्य कायदा म्हणत नाहीत. ओझे सर्वांवर योग्य प्रमाणात वाटले गेले पाहिजे, ही त्यांची अट आहे. हाँगकाँगच्या कायद्यातही कडक उन्हाचा किंवा मुसळधार पावसाचा इशारा जारी झाला की चालकांना सूट मिळते. म्हणून आपल्या नियमाबरोबर चालकांसाठी सावलीची जागा, पंखा आणि पिण्याचे पाणी यांची सोय झाली पाहिजे. तेवढे आपल्याला जमत नसेल, तर त्यांना नियम सांगण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

आणि जबाबदारी कोणाची हेही स्पष्ट असावे. जो हुकूम देतो, तो कृत्याचा वाटेकरी असतो, ही आपल्या नीतिशास्त्राची जुनी शिकवण आहे. गाडी चालू ठेवणारा हात चालकाचा असला तरी इच्छा मालकाची असते. तेव्हा मालकांनीच सांगावे: "बंद ठेव, सावलीत बस, निघायच्या आधी फोन करतो." दहा मिनिटे गरम आसनावर बसावे लागेल. तेवढे सोसणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

कोणी विचारील, मग हे पाप आहे का? कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथात, पाचव्या आज्ञेच्या प्रकरणात, दारूच्या नशेत किंवा वेगाच्या मोहाने रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यांना गंभीर दोष दिला आहे. उभ्या राहिलेल्या गाडीचा तिथे उल्लेख नाही. पण त्यामागचे तत्त्व उघड आहे: माझ्या सोयीसाठी किंवा हौसेसाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावू नये. वेगाने होणारा अपाय क्षणात दिसतो, धुराने होणारा वर्षांनी. म्हणून दुसरा निर्दोष ठरत नाही. तरीही चावी फिरवायला विसरलेल्या प्रत्येकाने पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहावे असे आम्ही म्हणत नाही. सूक्ष्म दोषांची भीती मनात घेऊन जगणे हा धर्म नव्हे. अजाणता घडते त्याला दोष लागत नाही. मात्र आता आपल्याला ठाऊक आहे. एलाच्या चौकशीत हेही पुढे आले होते की दूषित हवेचा तिच्या दम्याशी असलेला संबंध तिच्या आईला कोणी सांगितलाच नव्हता. सांगितला असता तर तिला काही उपाय करता आले असते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगितले पाहिजे, हे कर्तव्य डॉक्टरांइतकेच धर्मगुरूंचेही आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रात अनावश्यक दिवे मालवणे, गरजेपुरतेच रांधणे, एकाच गाडीतून मिळून जाणे अशा रोजच्या लहान कृत्यांची मुद्दाम नावे घेतली आहेत. अशा कृत्यांनी जग बदलणार नाही असे समजू नये, त्यांतून कधीकधी नजरेला न दिसणारे चांगुलपण पसरत असते, असा त्यांचा विचार होता. वर आपण पाहिले की न दिसणाऱ्या लहान अपायांची बेरीज होते. मग न दिसणाऱ्या लहान चांगुलपणाची बेरीज होत नाही असे मानण्याचे काही कारण नाही. हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे.

मंडळाच्या येत्या सभेत या सूचनेवर निर्णय व्हायचा आहे. आमचे मत असे. आवारात आणि शाळेच्या फाटकासमोर गाडी थांबली की इंजिन बंद व्हावे. मिनिटे मोजत बसू नये, कारण मुलांच्या उंचीवर एक मिनिटही पुष्कळ आहे. रुग्णवाहिकेला आणि आजारी किंवा वृद्ध माणूस आत बसलेल्या गाडीला सूट असावी. शववाहिकेला कोणी काही विचारू नये. नवरीच्या गाडीला मात्र सूट नसावी. त्या दिवशी तिला दहा मिनिटे घाम आला तर फुले कोमेजणार नाहीत. दंड असू नये. चालकांसाठी सावली आणि पाणी नियमाच्या आधी यावे, नंतर नव्हे. आणि पहिल्या महिन्यात हा नियम मोठ्यांना सांगण्याचे काम धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांकडे द्यावे. धूर त्यांच्या उंचीवर आहे, तेव्हा बोलण्याचा पहिला हक्कही त्यांचा.

यावर आपले मत वेगळे असेल तर सभेत येऊन जरूर मांडावे. नियम सर्वांच्या हिताचा असायचा तर तो सर्वांच्या विचारातून यायला हवा. पण सभेला येईपर्यंत एक गोष्ट करायला कोणाच्या ठरावाची गरज नाही. आज मिस्सा संपल्यावर गाडीत बसाल, ओळखीचे कोणी भेटेल, काच खाली करून बोलणे सुरू होईल. तेव्हा आधी इंजिन बंद करावे आणि मग निवांत बोलावे. गप्पाही नीट ऐकू येतील.

आपले नम्र,
प्रमुख धर्मगुरू